थांबलेला सर्व्हर आणि सोयाबीनची टोकनं

पुण्याची नोकरी सोडून मी वाशीमजवळच्या आमच्या मालेगावला परत आले तेव्हा सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, काहून आली? मी सांगायचे, काम मिळालं म्हणून. लोकांना ते पटायचं नाही. पुण्यातून मालेगावला कामासाठी कोणी येतं का, असा त्यांचा चेहरा व्हायचा. पण ते खरंच होतं.

आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली होती. सभासदांचं सोयाबीन नि तूर गोळा करायची, यंत्रावर चाळून साफ करायची आणि एकगठ्ठा विकायची. गोदाम वाशीम रस्त्यावर, गावाच्या बाहेर. हंगामात त्या गोदामापुढे ट्रॅक्टरांची अशी रांग लागायची की बसगाड्यांना वाट मिळायची नाही. लोक ट्रॉलीखालीच जेवायचे, ट्रॉलीखालीच झोपायचे. ही रांग मोडावी म्हणून कंपनीने एक वेबसाइट बनवून घेतली. शेतकऱ्याने मोबाइलवरून दिवस निवडायचा, टोकन घ्यायचं आणि त्याच दिवशी माल आणायचा. ज्यांनी ती बनवली ते मोठ्या शहरातले लोक होते. करार संपला आणि ते आपल्या दुसऱ्या कामाला लागले. साइट सांभाळायला कंपनीला जवळ राहणारं, फोन केला की येणारं माणूस हवं होतं. ती मी.

कार्यालय बसस्टँडजवळ, एका खताच्या दुकानाच्या माडीवर. दोन खोल्या, अरुंद जिना. मी आणि अजून एक जण. ते केनवडचे, माझ्याच वयाचे, आधी शिकवणी वर्गात गणित शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना सर म्हणत. मीही सरच म्हणायचे. लोकांचे फोन घ्यायचे, त्यांना कुठलं बटण दाबायचं ते समजवायचं, गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर सूचना टाकायच्या, हे त्यांचं काम. साइटच्या पोटातलं सगळं माझं.

पहिला उन्हाळा निवांत गेला. तुरीची आवक थोडी, टोकनं थोडी. मी दुसऱ्यांनी लिहिलेला तो सगळा प्रोग्राम हळूहळू वाचत होते. नीटनेटका होता. कोणी घाईघाईत उरकलेला नव्हता.

मग सोयाबीन आलं.

आठवड्यातून एकदा, सकाळी आठ वाजता पुढच्या आठवड्याची टोकनं खुली व्हायची. आठच्या आधीच लोक मोबाइल हातात धरून बसलेले असायचे. आठ वाजले की केनवड, मालेगाव, रिसोडकडची सगळी गावं एकाच वेळी बटण दाबायची. आणि साइट थांबायची. बंद पडली असं म्हणता यायचं नाही. बंद पडली असती तर निदान काही चुकल्याचा संदेश दिसला असता. ती नुसती थांबायची. पडद्यावर चकरी फिरत राहायची, फिरतच राहायची. मी सर्व्हर रिस्टार्ट करायचे, म्हणजे प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करायचे. थोडी टोकनं जायची आणि चकरी पुन्हा सुरू. असं करत करत नऊ-साडेनऊपर्यंत गर्दी ओसरायची, मग उरलेली टोकनं सुरळीत जायची.

लोकांनी आपापली कारणं शोधली होती. केनवडवाले म्हणायचे, आमच्याकडे रेंज नाही म्हणून. मालेगाववाले म्हणायचे, सगळी टोकनं आतल्या आत वाटून घेतात आणि मग साइट बंद करतात. हे दुसरं फार लागायचं. सर दिवसभर फोनवर एकच सांगत असायचे, "नाई हो भाऊ, कोनी वाटून घेत नाई. आमच्यासमोरबी तेच फिरून राह्यलं जे तुमच्यासमोर फिरून राह्यलं."

आमच्या घरापर्यंतही हे आलं. अब्बांचं मोटारी भरण्याचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार भरून देतात. गिऱ्हाईक सगळं शेतकरी, म्हणजे टोकनवाले तेच. माझ्या कामाबद्दल अब्बांनी कधी काही विचारलं नव्हतं. कॉम्प्युटरचं काम, एवढंच त्यांना माहीत. एका संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "बेटा, वो टोकनवाली चीज तेरीच है ना?"

"हो अब्बा."

"लोग दुकान पे पूछते. म्हणतात, मिस्त्री, तुमच्या पोरीले सांगा ना, सकाळी लागतच नाही." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मैं क्या बोलूँ उनको?"

"सांगा, पाहून राह्यली."

अम्मीने त्यांच्या ताटात भाजी वाढली आणि विषय बदलला. पण पुढचे कित्येक दिवस दुकानात जो येईल त्याला अब्बा तेच सांगत होते, पाहून राह्यली. मला ते दुसऱ्यांकडून कळायचं.

मी काय काय केलं नाही. कंपनीच्या संचालकांना विनंती करून मोठा सर्व्हर घेतला. पुढच्या खेपेला तोही तसाच थांबला. टोकनांच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस हळू असेल म्हणून त्यातली शोधायची रीत सुधारली. फरक नाही. मग मी चाचणीसाठी हुबेहूब दुसरा सर्व्हर उभा केला आणि एका साधनाने त्याच्यावर खोट्या शेतकऱ्यांची गर्दी सोडली. आमच्या खऱ्या गर्दीच्या कितीतरी पट. तो जरासुद्धा अडखळला नाही. भराभर टोकनं देत राहिला. मी खुर्चीत मागे टेकून त्याच्याकडे पाहत बसले. एकच प्रोग्राम, एकच डेटाबेस, एक चालतो आणि एक थांबतो.

मला एक गोष्ट खटकत होती. खरा सर्व्हर थांबलेला असायचा तेव्हा त्याचा प्रोसेसर जवळजवळ रिकामा असायचा. कामाने पिचलेला सर्व्हर तसा नसतो. तो तापतो, धापा टाकतो, आलेखावर त्याची रेघ वर जाऊन चिकटते. आमच्याकडे रेघ खाली पडलेली असायची, जणू सुट्टीचा दिवस आहे.

मी सरांना आलेख दाखवला. "सर, हा थकला नाई. हा कोनाची तरी वाट पाहून राह्यला."

"कोनाची?"

"तेच तं दिसत नाई. आपन दर वेळी रिस्टार्ट करतो. रिस्टार्ट केलं की वाट पाहणारे सगळे जातात, अन् ते कुठं अडकले होते तेबी जाते."

सरांनी खाली पडलेल्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे तुमाले तो अडकलेला असतानाच पाह्याचा हाये."

"हो."

"अन् लोक?"



पुढच्या खेपेला टोकनं उघडण्याचा दिवस आला तेव्हा मी लवकरच कार्यालयात जाऊन बसले होते. काय करायचं ते ठरलेलं होतं. सर्व्हरच्या आत एकाच वेळी अनेक कामं चालतात. प्रत्येक काम करणाऱ्याला आम्ही थ्रेड म्हणतो. एक शेतकरी बटण दाबतो, त्याच्यासाठी एक थ्रेड धावतो. सर्व्हर चालू असतानाच त्याला एक आज्ञा देता येते, की या क्षणी प्रत्येक थ्रेड प्रोग्रामच्या कोणत्या ओळीवर उभा आहे ते लिहून दे. पण एकदा पाहून भागत नाही. चालत्या माणसाचा फोटो काढला तरी तो उभाच दिसतो. थोडं थांबून परत काढायचा, अजून एकदा काढायचा. तोच माणूस तिन्ही फोटोंत त्याच जागी असेल तर तो अडकलेला आहे. म्हणून मला वेळ हवा होता, आणि त्या वेळात कोणी रिस्टार्ट करायला नको होतं.

त्या दिवशी नेमके कंपनीचे अध्यक्ष आणि एक संचालक कार्यालयात आले होते. तक्रारी इतक्या झाल्या होत्या की त्यांना स्वतः पाहायचं होतं. अध्यक्ष केनवडच्या बाजूचे मोठे शेतकरी. कमी बोलायचे. मी त्यांना काका म्हणायचे. संचालक तरुण, तडकाफडकी बोलणारे. जिन्यावर आणि खाली दुकानापुढे मागच्या खेपेला टोकन न मिळालेली माणसं उभी होती. मोबाइलवर लागत नाही तर प्रत्यक्ष जाऊन सांगू, म्हणून आलेली.

आठ वाजले. टोकनं सुटली. सरांनी खिडकीतून खाली पाहिलं, सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. थोडी टोकनं गेली आणि चकरी सुरू झाली.

"थांबला," सर म्हणाले.

जिन्यावरून आवाज आला, "झालं बंद." मग खालून, "काल म्हणे दुरुस्त केलं." फोन वाजायला लागले. सरांचा, माझा, काकांचा.

"चालू कर ना पोरी," काका म्हणाले.

माझा हात कीबोर्डवरच होता. रिस्टार्टची आज्ञा बोटांना पाठ होती. मी हात मागे घेतला.

"काका, आत्ता चालू केला तं अर्ध्या मिनिटात परत अडकीन. मले थोडा वेळ द्या. तो जसा अडकला तसाच मले पाह्याचा हाये."

संचालक भडकले. "लोक खाली उभे हायेत अन् तुमाले पाह्याचं हाये? दर वेळी चालू करत होत्या ना? मंग आज काहून नाई?"

"दर वेळी चालू केलं म्हनून दर वेळी अडकते, भाऊ. आज नाई पाह्यलं तं पुढच्या आठवड्यातबी आपन असेच उभे राहू."

मी एवढं बोलले आणि मलाच नवल वाटलं. पुण्याला असताना मी बैठकीत आवाज चढवून बोलणाऱ्यातली नव्हते. आता आवाज चढलेला नव्हता, पण हलतही नव्हता.

काकांनी विचारलं, "किती वेळ?"

"चहा होईपर्यंत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, ज्यावर त्यांना काही कळण्यासारखं नव्हतं. मग उठले आणि जिना उतरून खाली गेले. वरून त्यांचा आवाज ऐकू येत होता. "गड्याहो, ऐका. यंत्र अडकलं हाये. आपली पोरगी पाहून राह्यली का कुठं अडकलं. आज तिले पाहू द्या. कोनाचं टोकन जानार नाई, माझा शब्द." आणि पलीकडच्या टपरीवाल्याला, "सगळ्याईले चहा दे रे."

मी पहिला फोटो काढला. थोडं थांबले. जिन्यावरची कुजबुज कमी झाली होती, कपांचा आवाज येत होता. दुसरा काढला. मग तिसरा. संचालक माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

सरांनी आणि मी तिन्ही शेजारी शेजारी लावून वाचायला घेतलं. शेकडो ओळी. सरांना प्रोग्राम येत नव्हता, पण सारखं काय आणि वेगळं काय हे शोधायला प्रोग्राम यावा लागत नाही. एकामागून एक थ्रेड एकाच ओळीवर उभा. तिन्ही फोटोंत त्याच ओळीवर. डेटाबेसकडे जायला मोकळं कनेक्शन मिळावं म्हणून वाट पाहत.

"मंग डेटाबेसच," सर म्हणाले.

मीही क्षणभर तेच समजले. पण डेटाबेस तर रिकामा बसला होता. मग कनेक्शनं गेली कुठे? सर्व्हरकडे डेटाबेसची कनेक्शनं मोजकीच असतात. ज्याला काम आहे त्याने एक घ्यायचं, काम करायचं, परत ठेवायचं. कोणीतरी ती घेऊन बसलं होतं आणि परत ठेवत नव्हतं. मी वाट पाहणाऱ्यांना सोडलं आणि जे वाट पाहत नव्हते ते शोधायला लागले. ते थोडेच होते. बरोबर तितकेच, जितकी कनेक्शनं होती.

ते सगळे एका दुसऱ्याच ओळीवर उभे होते. ती ओळ डेटाबेसची नव्हतीच. ती मोबाइलवर मेसेज पाठवण्याची ओळ होती.

मी खुर्चीवरून उठले. का उठले माहीत नाही, बसवेना. "सर, मेसेज. हे मेसेजची वाट पाहून राह्यले."

मी त्यांना समजावलं, आणि मागे उभ्या संचालकांनाही. टोकन दिलं की शेतकऱ्याला मेसेज जातो. मेसेज आपण पाठवत नाही, बाहेरची एक सेवा पाठवते. प्रोग्राम कसा लिहिलाय, की आधी डेटाबेसचं कनेक्शन घ्यायचं, टोकन लिहायचं, मग कनेक्शन हातात धरूनच मेसेज पाठवायचा, आणि मेसेज गेला असं उत्तर आलं की टोकन पक्कं करून कनेक्शन सोडायचं. "समजा तहसीलमधी थोड्याच खिडक्या हायेत. प्रत्येक खिडकीवरचा बाबू तुमचं काम करते, अन् मंग कोनाले तरी फोन लावते, अन् तिकडून उत्तर येईपर्यंत खिडकी सोडत नाई. तिकडं फोन उचलायले उशीर झाला का सगळ्या खिडक्या अडकल्या. मागं हजार लोक उभे, अन् बाबू कानाले फोन लावून नुसता बसेल."

"अन् तिकडं फोन उचललाच नाई तं?" संचालकांनी विचारलं.

मी ती ओळ परत पाहिली. किती वेळ थांबायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. "तं हा बसूनच राहीन."

आणि चाचणीचा सर्व्हर का अडखळला नाही तेही त्याच क्षणी कळलं. खोटी टोकनं खऱ्या लोकांच्या मोबाइलवर जाऊ नयेत म्हणून तिथे मेसेज पाठवणं बंद ठेवलेलं होतं. सगळं हुबेहूब होतं, फक्त दुखणं तेवढं नव्हतं.

आता काय करायचं ते सोपं होतं. मेसेज पाठवणं तात्पुरतं बंद केलं आणि मग रिस्टार्ट केलं. सरांनी सगळ्या गटांवर लिहिलं, की आज मेसेज येणार नाही, पडद्यावर आलेला टोकन नंबर लिहून ठेवा. मी आलेखाकडे पाहत होते. रेघ वर उठली, पहिल्यांदाच. सर्व्हर काम करत होता. टोकनं एकामागून एक जायला लागली. जिन्यावरून कोणीतरी म्हणालं, "मले भेटलं." मग दुसरा, "मलेबी." गर्दी हलायला लागली, जिना रिकामा झाला. काका वर आले तेव्हा आमच्याकडे गडबड उरली नव्हती.

"सापडलं?"

"सापडलं काका."

ते बसले आणि आपला गार झालेला चहा प्यायले. संचालकांनी त्यांना सगळं सांगितलं, खिडकीवरचा बाबू आणि त्याचा फोन, जवळजवळ माझ्याच शब्दांत. मी ऐकत होते. माझी गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून बरोबर निघताना ऐकणं ही फार सुखाची गोष्ट असते.

ज्यांनी मूळ प्रोग्राम लिहिला त्यांना मी कधी दोष दिला नाही. मेसेज गेला तरच टोकन पक्कं, हा नियम शेतकऱ्याच्याच भल्यासाठी होता, आणि तेव्हा टोकन घेणारे मूठभर होते. आता गावंच्या गावं टोकनं घेत होती. मी तो भाग नव्याने लिहिला. टोकन आधी पक्कं करायचं, कनेक्शन लगेच सोडायचं. मेसेज वेगळ्या रांगेत टाकायचा, ती रांग आपल्या गतीने चालेल, इकडे कोणी अडून राहणार नाही. बाहेरच्या सेवेने ठरावीक वेळात उत्तर दिलं नाही तर तो नाद सोडायचा आणि थोड्या वेळाने परत प्रयत्न करायचा.

पण या वेळी मला फक्त साधनाच्या खोट्या गर्दीवर विश्वास ठेवायचा नव्हता. सरांनीच सुचवलं, खरीच गर्दी करू. रविवारी दुपारी रंगीत तालीम. सगळ्या गटांवर निरोप गेला, की अमुक वेळेला सगळ्यांनी एकदम बटण दाबा, टोकनं खोटी आहेत, कोणीही घेऊ शकतं, शेती नसली तरी चालेल. लोकांनी ते एखाद्या जत्रेसारखं उचललं. वाशीमला शिकणारी पोरं, सासरी गेलेल्या मुली, बसस्टँडवरचे रिक्षावाले, सगळे तयार होऊन बसले.

अब्बा त्या दिवशी दुकान बंद करून कार्यालयात आले. पहिल्यांदाच. जिना चढून आले, खुर्ची घ्या म्हटलं तर घेतली नाही. खिशातून मोबाइल काढून मला म्हणाले, "मुझे भी एक दिला दे."

"तुमाले सोयाबीन कुठलं अब्बा?"

"ना सही. टोकन तो रहने दे."

ठरलेली वेळ आली आणि सगळ्यांनी एकदम दाबलं. मी आलेख पाहत होते. रेघ वर गेली आणि वरच राहिली, जशी राहायला हवी. टोकनं धडाधड जात होती. मग फोन वाजायला लागले आणि सरांचा चेहरा उतरला. त्यांनी फोन हाताने झाकून सांगितलं, "म्हनतात मेसेज येऊन नाई राह्यले."

मी मेसेजची रांग उघडून पाहिली. बाहेरची सेवा नेमकी त्याच वेळी अडली होती. उत्तर देत नव्हती. पूर्वी असं झालं असतं तर सगळं गाव चकरीकडे पाहत बसलं असतं. आता मेसेज रांगेत थांबले होते आणि टोकनं मात्र एकामागून एक सुटत होती. एकाही टोकनाला त्याचा धक्का लागला नव्हता.

"सर," मी म्हणाले, "याच्यापेक्षा चांगली परीक्षा आपल्याले घेता आली नसती."

त्यांना क्षणभराने उमगलं आणि ते हसायला लागले. फोनवरच्या माणसाला म्हणाले, "भाऊ, मेसेज येईन मागून. तुमच्या पडद्यावर नंबर आला का? आला ना? झालं मंग." तक्रारीचा फोन घेताना सरांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळाने बाहेरची सेवा सुरळीत झाली आणि अडलेले मेसेज निघाले. अब्बांचा मोबाइल वाजला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला. त्यांच्या नावाने सोयाबीनचं टोकन, गोदामात माल आणण्याचा दिवस, नंबर. त्यांनी मोबाइल जपून खिशात ठेवला. जाताना जिन्यात कोणी ओळखीचा भेटला असावा. त्याच्याशी बोलताना त्यांचा आवाज वरपर्यंत आला. "माझ्या पोरीनं बनवलं. सगळं थांबलं होतं, तिनं शोधून काढलं." घरी मला असं काही ते कधीच म्हणाले नाहीत, आणि मला त्याची गरजही राहिली नाही.

त्यानंतर टोकनांची सकाळ साधी झाली. आठ वाजायचे, रेघ वर जायची, थोड्या वेळात टोकनं संपायची. संपली म्हणून लोक चिडायचे, पण ते चिडणं वेगळं. त्यात संशय नव्हता. कोणाला मिळालं, कोणाला नाही, ते सगळ्यांना सारखंच दिसत होतं.

हंगाम संपल्यावर केनवडला कंपनीची वार्षिक सभा झाली. मंडप, सतरंज्या, समोर काही खुर्च्या. हिशेब झाले, भाषणं झाली. मग काकांनी माइक घेतला आणि न विचारताच माझ्याकडे दिला. "हिनं यंदा काय केलं ते तिनंच सांगावं."

मी पुण्यात मोठमोठ्या पडद्यांसमोर बोलले आहे. पण त्या मंडपात, समोर सगळी आमची माणसं, फेटे, टोप्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया, मागे उभे मालेगावचे व्यापारी, तिथे पुण्याची भाषा चालणार नव्हती. मी आमच्याच बोलीत सांगितलं. खिडक्या, बाबू, फोन. सर्व्हर बंद न करता अडकलेलाच कसा पाहिला. ज्यांनी त्या सकाळी जिन्यावर चहा घेतला होता त्यांच्यातले काही समोरच बसले होते आणि मान हलवत होते, जणू ते काम त्यांनीही माझ्यासोबत केलं होतं. एका अर्थाने केलंच होतं. ते थांबले नसते तर मला पाहता आलं नसतं.

बोलून झाल्यावर बायांच्या बाजूने एक बाई उठल्या. स्वतःची शेती स्वतः पाहणाऱ्या, टोकनही स्वतःच घेणाऱ्या. म्हणाल्या, "मंग आता मेसेज मागून येते. मले रेंज नाई आली, अन् मेसेज संध्याकाळी आला, तं तोवर मी टोकन भेटलं समजू का नाई?"

"पडद्यावर नंबर आला म्हनजे भेटलं. मेसेज फक्त आठवनीसाठी."

"तं ते पडद्यावर लिहा ना तसं. मोठ्या अक्षरात. मले काय मालूम, मी परत दाबत राह्यली."

टाळ्या त्यांच्यासाठी पडल्या, माझ्यासाठी पडल्या त्याहून जोरात. त्याच संध्याकाळी मालेगावला परतल्यावर मी आणि सर कार्यालय उघडून बसलो. पडद्यावर टोकन नंबरच्या वर हिरव्या पट्टीत मोठ्या अक्षरात ओळ घातली: तुमचं टोकन पक्कं झालं आहे, मेसेजची वाट पाहू नका. सरांनी दारापासून, अगदी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून वाचून पाहिलं. तिथूनही स्पष्ट दिसत होती.